उघड्या दाराची थाळी

शुंगोपावी, ६ एप्रिल १९५२

तलास,

तुझं पत्र पायथ्याच्या दुकानात पडूनच होतं. 'मिसेस हॅरॉल्ड' ही कोण बाई, हे दुकानदाराला कळेना. शाळेतल्या गोऱ्या बाईंनी तुला चिकटवलेलं ते नाव फीनिक्सच्या इस्पितळाने अजून जपून ठेवलंय, हे मी विसरलेच होते. पाकिटावरचं तुझं वाकडंतिकडं अक्षर दिसलं तेव्हा मीच ओरडले, "अहो, ते माझं आहे!" सगळं दुकान वळून बघायला लागलं.

इकडे सगळं ठीक आहे. वारा सुटलाय तो थांबायचं नाव घेत नाही, जेवताना दातांखाली वाळू येते. मामाने तुझ्या शेतात गोड मका लावला. ओळी इतक्या वाकड्या आल्यात की तू पोट धरून हसशील. मी त्याला काही बोलले नाही. तूच येऊन बोल.

उंदरांनी मात्र उच्छाद मांडलाय. मक्याच्या पिठाच्या रांजणावर मी फळी ठेवते, फळीवर दगड ठेवते, तरी सकाळी पिठात त्यांची पावलं उमटलेली असतात. आजोबा होते तोवर त्यांच्या लग्नाची थाळी त्या रांजणावर झाकण म्हणून असायची. गवताची, पण इतक्या घट्ट विणीची, की मुंगी आत जायची नाही. आजोबा गेले आणि थाळी त्यांच्याबरोबर गेली. तिच्यावर बसून खालच्या जगात उतरायला त्यांना ती लागणारच होती, त्यासाठीच तर आजीने विणली होती. पण आई अजून कुरकुरते, "म्हाताऱ्याने जाताना माझं झाकण नेलं."

तुझी तब्येत कशी आहे, ते तू लिहिलंच नाहीस. खोकला कमी आहे का? रुमालावर अजून लाल येतं का? तिथे दुधातलं काहीतरी पांढरं देतात खायला, असं ऐकलं. ते खा. नाक मुरडू नकोस.

आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं विचारलंयस, माझी थाळी झाली का.

होतेय. तुझ्या घरच्या पुरुषांनी माझी लग्नाची पांढरी शाल विणली, तिच्या बदल्यात तुमच्या घरी द्यायच्या बाकीच्या सगळ्या थाळ्या तयार आहेत, आतल्या खोलीत रचून ठेवल्यात. तुझी स्वतःची तेवढी राहिलीय. मधली कणसं उमटली आहेत, पिवळी आणि काळी. छान दिसतात.

एवढी काय घाई आहे?

नुवामसी


शुंगोपावी, ११ मे

तलास,

चार ओळींचं पत्र लिहितोस, आणि त्यातली एक ओळ पुन्हा तीच. थाळी कुठवर आली.

मला काही कळत नाही असं वाटतं का तुला? नवरे थाळीबद्दल विचारत नसतात. त्यांना ती आठवतही नाही. आजोबांनी आयुष्यात एकदाही विचारलं नसेल. माणूस थाळी केव्हा विचारतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा तू दुसरं काहीतरी विचार. माझ्या मामाबद्दल विचार, तुझ्या गाढवाबद्दल विचार. गाढव बरं आहे. परवा त्याने तुझ्या पोलिमाना आत्याचं वाळत घातलेलं पोलकं खाल्लं.

तुझी आई येऊन गेली. आल्या आल्या थेट माझ्या विणीपाशी.

"किती वेढे झाले?"

"चाललंय, सासूबाई."

"चाललंय काय चाललंय? मागच्या खेपेला पण इथवरच होती."

"पात्या वाळून कडक झाल्या होत्या. पुन्हा भिजत घातल्या."

"युक्काची पाती भिजायला एक सकाळ लागते गं. महिना नाही लागत."

मग तिने अंगठ्याने काठ चाचपला. आमच्या आईने कॉफी पुढे केली, ती तिने घेतली नाही. तलास, तुझी आई कॉफी न घेता गेली! जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "नुवामसी, माझ्या पोराची वाट अर्धी ठेवू नकोस." मी मान खाली घालून आरीचं टोक पुसत बसले. तिला काय सांगू? तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर काय म्हणतात ते लिही. खरं लिही. आणि नसेल लिहायचं तर खोटं लिही, पण छान लिही.

नुवामसी


शुंगोपावी, २० जून

तलास,

पत्र नाही. टपालाची गाडी दोन वेळा येऊन गेली. दुकानदार आता मला लांबून बघितलं की मान हलवतो, म्हणजे मला आत यायचे कष्ट नकोत. चांगला माणूस आहे, पण त्याची ती मान मला नकोशी झालीय.

तुझी पोलिमाना आत्या वाळवलेली पीचची फळं घेऊन आली होती. घरात सातआठ बायका विणायला बसलेल्या, म्हणजे तिला ऐकायला माणसं मिळाली. दारातूनच सुरुवात.

"आहे का घरात ती चोरटी? माझा देखणा नवरा पळवलान, आणि बदल्यात एक धड थाळी देववत नाही!"

"आत्या, तुमचा नवरा घरी वाट बघतोय," मी म्हटलं. "तो नाही का पुरत?"

"त्या म्हाताऱ्याला काय करू? भाचा तो भाचा. सगळ्या भाच्यांत तोच एक बघण्यासारखा, आणि गेला कुणाकडे? जिला दिवसाकाठी चार टाके घालवत नाहीत तिच्याकडे! लग्नात रीतीप्रमाणे मी हिच्या सासूच्या डोक्यावर चिखलाची बादली ओतली. चुकलंच माझं. हिच्या डोक्यावर ओतायला हवी होती, जरा हात तरी हलले असते."

बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. आत्यांनी भाच्याला आपला नवरा म्हणायचं आणि त्याच्या बायकोला असं बोलायचंच असतं, नाही बोलल्या तर काळजी करायची. पण मी तिला पोचवायला बाहेर गेले, तेव्हा तिने माझं कोपर घट्ट धरलं. चेहरा पार उतरला होता.

"पोरी, तो बरा आहे ना? माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"बरा आहे, आत्या."

"लिहितो?"

"लिहितो की."

असं बोलले मी. मला काय माहीत तू बरा आहेस की नाही? गावात सगळे मला विचारतात आणि मी सगळ्यांना तू बरा असल्याचं सांगते.

आता तुला एक सांगते. तुझ्या आईचं बरोबर आहे. मी मुद्दाम हळू विणतेय. गवताची जुडी सारखी करण्यातच मी सकाळ घालवते. पाती नखाने चिरताना जराशी जाड वाटली की टाकून देते, दुसरी घेते, तीही टाकून देते. प्रवासाची गाडी दाराशी आणून उभी केली की माणूस निघतोच, तलास. मला ती गाडी आणायची नाही. थाळी अपुरी आहे तोवर तू कुठे जात नाहीस, असं मी मनाशी धरून बसलेय. वेडेपणा वाटेल तर वाटू दे.

एक ओळ लिही. फक्त नाव लिहिलंस तरी चालेल. हॅरॉल्ड लिहिलंस तरी चालेल.

नुवामसी


शुंगोपावी, १४ जुलै

तलास,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून यात खरं लिहिते.

मला दिवस गेलेत. तू निघालास तेव्हाच गेले होते, पण मला नंतर कळलं. आपली आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून यावेळी तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. सांगितलं की जातं, अशी धास्ती बसलीय. आता सांगायची गरजच उरलेली नाही, सगळ्या गावाला डोळे आहेत. पण माझ्यासमोर कोणी काही म्हणत नाही. पाणी आई आणते. शिडीवर मला कोणी चढू देत नाही. तुझ्या आईनेही बघितलं असणारच. ती थाळीकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि पुन्हा थाळीकडे.

तुला बायकांच्या विणीतल्या गोष्टी ठाऊक नसतील, म्हणून सांगते. थाळीचा शेवटचा वेढा जिथे संपतो, तिथे गवताची टोकं आम्ही मोकळी सोडतो. त्याला दार म्हणतात. जिला अजून मुलं व्हायची आहेत तिने ते दार शिवायचं नाही. शिवलं तर तिचं स्वतःचं दार बंद होतं. नवऱ्याच्या थाळीचंही तसंच. लग्नानंतर विणायची, दार उघडं ठेवायचं, आणि केस पांढरे झाले की एखाद्या दिवशी बसून शिवून टाकायचं. आजीने रांजणावरचं झाकण उचललं, अंगणात बसून दार शिवलं, पुन्हा रांजणावर ठेवलं. मी शेजारी बसून टरबूज खात होते. तिला कसली भीती वाटलेली मला आठवत नाही.

पण उघड्या दाराच्या थाळीवर बसून कोणाला खाली उतरता येत नाही. वेढे उसवत जातात आणि माणूस वाटेत कुठेतरी राहतो, ना इकडचा ना तिकडचा. आणि नवऱ्याच्या थाळीला दुसऱ्या बाईचा टाका चालत नाही, नाहीतर आईनेच शिवून दिलं असतं.

म्हणजे बघ. तुला आत्ताच जायचं असेल, तर दार मलाच शिवायला हवं. ते शिवलं तर आत जे हलतंय त्याचं काय होईल? आणि नाही शिवलं, आणि तू गेलासच, तर तू त्या मोठ्या दरीच्या काठाशी एकटा उभा राहशील. मला स्वप्नात दिसतोस तिथे. इस्पितळाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला असतो.

मला फार भीती वाटते, तलास. उठल्यापासून वाटते. आरी हातात घेतली की टोक बोटात जातं. परवा पांढऱ्या पातीवर रक्ताचा ठिपका पडला, तेवढा टाका उसवून टाकला, आणि मग उगाच तुझा रुमाल आठवून रडत बसले.

हे पत्र आता घडी करून शालीच्या वळकटीत ठेवते.

नु.


शुंगोपावी, १९ ऑगस्ट

तलास,

मिशोंगनोव्ही गावचा ऑर्विल बरा होऊन परत आला. तुझ्या शेजारच्या खाटेवर होता म्हणे. भेटायला आला, कॉफी प्यायला, तुझं सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

आधी म्हणाला, "वहिनी, थाळी झाली का हो?"

मी म्हटलं, "आता तू पण?"

"अहो, सगळा वॉर्ड वाट बघतोय! डॉक्टर एप्रिलपासून त्याच्या मागे लागलेत. एका बाजूचं फुप्फुस खराब झालंय, तेवढा भाग कापून काढू, म्हणतात. दुसरी बाजू चांगली आहे. वेळेत कापलं तर माणूस घरी जातो, मी नाही का आलो? माझंही कापलं." सदरा वर करून त्याने बरगडीवरची शिवण दाखवली. आईने तोंड फिरवलं. "पण तलास ऐकेल तर ना! म्हणतो, बायको विणतेय, विणून झालं की कापा. डॉक्टरला वाटलं, तुम्ही स्वेटर विणताय. त्याने त्याला इस्पितळातला एक नवाकोरा स्वेटर आणून दिला. म्हणाला, हा घाल आणि चल!"

ऑर्विल खो खो हसला. मी हसले नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

तो हसायचा थांबला. "आता डॉक्टर म्हणतात, थंडीच्या आत केलं नाही तर मग काही उपयोग नाही. दुसऱ्या बाजूलाही पसरेल."

तलास, तू हे मला लिहिलं का नाहीस? "थाळी झाली का, थाळी झाली का" एवढंच लिहीत राहिलास! "मला कापणार आहेत, मी थांबलोय," एवढं लिहायला किती शाई लागते? मी घाबरेन म्हणून लिहिलं नाहीस, होय ना? मग इकडे मी काय नाचत होते? मी इथे एकेक टाका लांबवत बसले, तुला धरून ठेवतेय असं समजून. आणि तू तिथे त्याच थाळीसाठी अडून बसलास. सबंध उन्हाळा आपण वाया घालवला. मला तुझा इतका राग आलाय, की तू समोर असतास तर मी तुला त्या स्वेटरसकट झोडपलं असतं.

ऑर्विल गेला तसं मी पाती भिजत घातली. आईला म्हटलं, आजपासून मला कोणी हाक मारू नका.

त्या डॉक्टरला सांग, या महिन्याअखेर होईल. सांग त्याला. आणि दुसऱ्या बाजूला म्हणावं, तोवर थांब.

नुवामसी


शुंगोपावी, ३० ऑगस्ट

तलास,

हे पत्र आणि थाळी, दोन्ही तुझ्या आईबरोबर येताहेत. सोबत जुलैचं एक पत्र घातलंय, तेव्हा टाकलं नव्हतं. ते आधी वाच, मग हे वाच. नीट टेकून बसून वाच.

वाचलंस? आता पुढे.

काल सकाळी शेवटचा वेढा संपत आला आणि तुझी आई दारात उभी. कुणी निरोप दिला कोण जाणे. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि मी टाका ओढते, आरी घालते, टाका ओढते, ते बघत राहिली. शेवटच्या टाक्याशी मी थांबले. गवताची टोकं मोकळी राहिली होती.

"दार?" ती म्हणाली.

"उघडं आहे, सासूबाई. उघडंच राहणार. मी शिवणार नाही. तुम्ही मला काय वाटेल ते बोला, गावभर सांगा, मी शिवणार नाही." मला वाटलं होतं मी ठामपणे बोलेन, पण आवाज पार रडवेला झाला.

तिने पहिल्यांदाच उघडपणे माझ्या पोटाकडे बघितलं.

"कितवा?"

"सातवा."

"हलतं?"

"लाथा मारतं."

मग तिने थाळी उचलून मांडीवर घेतली. वेढ्यांवरून हात फिरवत राहिली. तुझ्या आईला मी कधी इतकी म्हातारी बघितली नव्हती.

"तलासचा बाप असाच खोकायचा," ती म्हणाली. "मी पण विणायला बसले होते. मी पण अशीच सावकाश विणत होते गं. तुझ्यासारखीच. मला वाटायचं, नाही झाली पुरी तर कसा जाईल? गेला. अर्धीच थाळी झाली होती, माझ्या तळहाताच्या दुप्पट असेल. तीच त्याच्याजवळ ठेवली. तलास एवढासा होता. मला म्हणाला, आई, एवढ्याशा थाळीवर बाबा बसणार कसे? मी काय सांगणार होते त्याला? अजून मला माहीत नाही तो पोचला का."

तेव्हा मला कळलं तू का अडून बसलास. आणि ती मला इतके महिने का टोचत होती, तेही कळलं. मी तिला दुष्ट समजत होते. ती घाबरली होती, माझ्याहून जास्त.

मग तिने हात पुढे केला. "ती आरी दे इकडे."

मी थाळी ओढून छातीशी धरली. "नाही! दुसऱ्या बाईचा टाका चालत नाही याला!"

"मी काय दुसरी बाई आहे? मी त्याची आई आहे. आणि माझं दार कधीच बंद झालंय, मला कसली भीती?" मग जरा चिडूनच म्हणाली, "आणि आत्ता कोण शिवतंय? वेडी कुठली. आरी दे, दोनचार पात्या दे ओल्या फडक्यात गुंडाळून. पिशवीत घालते. मी जाते फीनिक्सला. त्याच्या खाटेशी बसते. लागलंच तर तिथल्या तिथे शिवीन. डोळे अधू झाले असले तरी एवढं येतं मला. आणि नाही लागलं, तर आहे तशी परत आणीन."

आमची आई चुलीपाशी होती. तिने कॉफी ओतली. यावेळी तुझ्या आईने ती घेतली. दोनदा घेतली.

तर ती येतेय. आयुष्यात ती विन्स्लोच्या पलीकडे गेलेली नाही. मामा तिला विन्स्लोपर्यंत नेऊन बसमध्ये बसवून देणार आहे. थाळी पिठाच्या पोत्यात गुंडाळलीय आणि ती म्हणते, बसवाल्याने वर टपावर टाकायला सांगितली तर मी पण टपावर बसेन. तिला तिथे काहीतरी खायला मिळेल असं बघ. मांसाचा रस्सा मागेल, मिळाला नाही तर रागावेल.

आता तुझी थाळी झाली. तुला खाली जायची भीती नको, तुझी आई आरी घेऊन बसलेली असेल. म्हणून तू त्या डॉक्टरला हो म्हण. स्वेटर घाल आणि जा.

नुवामसी


शुंगोपावी, ९ सप्टेंबर

तलास,

आज. दुकानात निरोप आला होता, मंगळवारी सकाळी म्हणून. ऊन आता अंगणातल्या भट्टीपर्यंत आलंय, म्हणजे तुला आत नेलं असेल. किंवा नेऊन झालं असेल. मला इथे काही कळायचा मार्ग नाही. दुकानातला माणूस म्हणाला, काही कळलं की पोराला धावत वर पाठवतो. मी वाटेकडे पाठ करून बसलेय. कुणी धावत येताना दिसलं तर मला सहन होणार नाही, आणि कुणी आलं नाही तरी होणार नाही.

पोलिमाना आत्या सकाळीच आलीय. आम्ही दोघी तापल्या दगडावर पिकी करतोय, कोणाला खायची आहे देव जाणे. निळ्या मक्याच्या पातळ पिठात हात बुडवायचा, दगडावरून फिरवायचा, पापुद्रा उचलायचा, एवढंच चाललंय. तिने सकाळपासून मला एकही टोमणा मारला नाही. त्यानेच मी जास्त घाबरले. शेवटी मी म्हटलं, "आत्या, काहीतरी वाईट बोला ना मला."

ती दगडाकडे बघत म्हणाली, "तुझी पिकी गोधडीसारखी जाड होतेय. माझ्या नवऱ्याला असलं खायला घालतेस होय?"

आणि मग आम्ही दोघी रडलो. पिकी करपली.

तुझं पोर आतून लाथा मारतंय. आज जरा जास्तच. ते झालं की वीस दिवस त्याला ऊन दाखवायचं नाही, आणि मग तुझ्या आईने आणि आत्यांनी पहाटे त्याला नावं द्यायची. पोलिमाना आत्याने तर आत्ताच नावं जमवायला सुरुवात केलीय, एकाहून एक भयंकर आहेत. तू इथे असायला हवंस, नाहीतर तिला अडवणार कोण?

तुला एक सांगायचं राहिलं. थाळीचा मधला भाग झाला तेव्हा मी दोरी घेऊन पिठाच्या रांजणाचं तोंड मोजलं होतं. कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईला वाटतं मी तुझ्या बसायच्या मापाची विणली. मी रांजणाच्या मापाची विणलीय. अगदी बरोबर बसेल, मुंगी आत जाणार नाही.

तुझ्या आईच्या पिशवीतली आरी माझ्या आजीची आहे. तिला ती बाहेर काढायला लावू नकोस. दार आहे तसं उघडं राहू दे, ते मी शिवीन, केस पांढरे झाले की, अंगणात बसून, तुझ्यासमोर.

काल रात्री उंदरांनी पुन्हा फळी सरकवली. माझ्याने आता होत नाही त्यांच्याशी भांडण.

झाकण घेऊन घरी ये.

नुवामसी